सर्व्हिस डॉगचं ओळखपत्र विकत घेण्याआधी

नमस्कार.

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे पुढे गोंधळ नको. तुम्ही अमेरिकेत राहता. मुलगी अकरा वर्षांची आहे, तिला टाइप-1 मधुमेह आहे. साखर खाली यायला लागली की पंजा लावून सांगणारा लॅब्राडोर तुमच्याकडे आहे. तो एका स्वतंत्र प्रशिक्षकाने तयार करून दिला. परवा किराणा दुकानात मॅनेजरने ‘कुत्र्याचं कार्ड दाखवा, नाहीतर बाहेर थांबा’ म्हणून अडवलं आणि मुलगी रडत बाहेर आली. घरी येऊन शोधलंत तर एका वेबसाइटवर कुत्र्याचं एक आणि हँडलरचं, म्हणजे कुत्र्याला सांभाळणाऱ्या माणसाचं, एक अशी दोन ओळखपत्रं, ‘राष्ट्रीय नोंदणी क्रमांका’सकट विकायला दिसली. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला राहणारी नणंद म्हणते, आमच्याकडे कार्ड लागतंच, तुम्हीही घेऊन टाका. पुढे शाळेचा प्रश्न आहे आणि दिवाळीच्या सुमारास भारतात जायचा बेत आहे. तर ही कार्डं घ्यावीत का?

नका घेऊ. अमेरिकेत सर्व्हिस डॉगची राष्ट्रीय नोंदणी नावाची गोष्टच नाही. ज्या नोंदवहीत तुमच्या कुत्र्याचं नाव चढेल ती त्या कंपनीची स्वतःची यादी आहे, बाकी काही नाही.

पण मला वाटतं तुमची खरी अडचण कार्डाची नाही. दारात अडवणाऱ्या माणसाला, मुलगी शेजारी उभी असताना, आवाज न चढवता आणि तिच्या आजाराचा पाढा न वाचता दोन वाक्यांत काय सांगायचं, ही ती अडचण आहे. कार्ड दाखवलं की हे बोलणं टळेल असं वाटतं, म्हणून ते हवंसं होतं. हे मी अनेक घरांत पाहिलंय. मी अपंग व्यक्तींसाठी कुत्रे तयार करते आणि त्यांच्या हँडलरबरोबर दुकानं, दवाखाने, विमानतळ पालथे घालते. मी वकील नाही. तुमचं राज्य कोणतं, शाळा सरकारी की खासगी, घर भाड्याचं की स्वतःचं, यावर काही गोष्टी बदलतात. त्या जिथे बदलतात तिथे सांगत जाईन.

आधी कायदा. ‘अमेरिकन्स विथ डिसॅबिलिटीज ॲक्ट’, म्हणजे एडीए, 1990 चा. सर्व्हिस डॉगबद्दलचे त्याचे आजचे नियम 15 मार्च 2011 पासून लागू आहेत. त्यांत व्याख्या अशी आहे की अपंगत्व असलेल्या व्यक्तीसाठी काम करायला किंवा ठरावीक कृती करायला ज्याला खास शिकवलंय तो कुत्रा म्हणजे सर्व्हिस डॉग. कोणी शिकवलं याला महत्त्व नाही. मोठ्या संस्थेने, एकट्या प्रशिक्षकाने किंवा मालकाने स्वतः शिकवलं तरी चालतं. मधुमेह या कायद्याखाली अपंगत्वात मोडतो, तेव्हा तुमची लेक आणि तिचा कुत्रा दोघंही या व्याख्येत बसतात.

कुत्र्याचं काम नुसतं बघून कळत नसेल तर दुकानदार दोनच प्रश्न विचारू शकतो. हा कुत्रा अपंगत्वामुळे लागणारा सर्व्हिस डॉग आहे का? आणि, त्याला कोणतं काम किंवा कृती शिकवली आहे? इथे त्याची हद्द संपते. आजार कोणता हे तो विचारू शकत नाही. डॉक्टरची चिठ्ठी, प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, ओळखपत्र यातलं काहीही मागू शकत नाही, आणि ‘करून दाखवा’ असंही म्हणू शकत नाही. इंटरनेटवर विकली जाणारी प्रमाणपत्रं आणि नोंदण्या यांनी कायद्याखाली कोणताही हक्क मिळत नाही आणि आपण त्यांना पुरावा मानत नाही, हे अमेरिकेच्या न्याय खात्याने आपल्या प्रश्नोत्तरांत स्वच्छ लिहिलंय. म्हणजे त्या मॅनेजरने मागितलेली वस्तू मागायचा अधिकार त्याला नव्हता, आणि वेबसाइट विकते ती वस्तू द्यायचा अधिकार वेबसाइटला नाही.

या वेबसाइट चालतात कशा तेही बघा. तुम्ही नाव भरता, फोटो चढवता, पैसे देता. कुत्रा कोणी पाहत नाही, चाचणी कोणी घेत नाही. क्यूआर कोड स्कॅन केला तर त्यांच्याच पानावर तुम्ही भरलेलीच माहिती दिसते. पत्रिका छापली म्हणून लग्न लागत नाही, तसंच हे.

‘मग सरकारनेच एक अधिकृत कार्ड का काढू नये?’ हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक नवीन हँडलर विचारतो, आणि तो रास्त आहे. माझं मत असं. कार्ड सक्तीचं केलं की ते देणारं कार्यालय आलं, चाचणी आली, शुल्क आलं, डॉक्टरचे कागद आले, आणि चाचणी घेणारा माणूस तीनशे मैलांवर असला तर तिथवरचा प्रवासही आला. हे सगळं त्या माणसावर पडणार ज्याला आधीच रस्ता ओलांडायला, उठून उभं राहायला किंवा शुद्धीत राहायला मदत लागते. नामांकित संस्थांकडे कुत्र्यासाठी वर्षानुवर्षं थांबावं लागतं आणि एक कुत्रा तयार करायला हजारो डॉलर लागतात. त्यामुळे कितीतरी लोक कुत्रा घरीच तयार करतात. कार्डाची सक्ती झाली की पहिले बाहेर राहतील ते हेच लोक. म्हणून इथल्या कायद्याने कार्डाऐवजी दोन गोष्टींवर भर दिला आहे. तुमचं प्रामाणिक उत्तर आणि कुत्र्याची वागणूक. या रचनेचा गैरफायदा घेणारे आहेत, नाही असं नाही. तरीही मला ती योग्य वाटते.

नणंदबाई खोटं सांगत नाहीयेत. ब्रिस्बेन क्वीन्सलँडमध्ये येतं आणि तिथल्या 2009 च्या कायद्यानुसार हँडलरला खरोखरच ओळखपत्र मिळतं आणि ते बाहेर पडताना बाळगावं लागतं. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियात 2016 पासून प्रांत सरकार हँडलर आणि कुत्रा यांच्या प्रमाणित जोड्यांना कार्ड देतं. जपानच्या 2002 च्या कायद्यातही कुत्र्यावर ओळख लावणं आणि प्रमाणपत्र जवळ ठेवणं बंधनकारक आहे. पण तिथे कार्डामागे परीक्षा आहे, सरकारी यंत्रणा आहे. अमेरिकेत ती यंत्रणाच नसताना नुसतं कार्ड घेऊन काय करणार?

आता तुम्ही म्हणाल, हक्क मिळत नसेल तर नसो, पण मॅनेजर गप्प बसतो ना? हो, पुष्कळदा बसतो. म्हणूनच ही कार्डं खपतात, आणि म्हणूनच मला ती नकोशी वाटतात. आज तुम्ही कार्ड दाखवलंत की तो मॅनेजर एक धडा शिकतो की खऱ्या सर्व्हिस डॉगकडे कार्ड असतं. उद्या त्याच दारात कार्ड नसलेला माणूस येतो. माझ्याकडे एक माजी सैनिक होते. त्यांच्या कुत्र्याला शिकवलेलं काम म्हणजे मालकाचा श्वास बदलला की अंगावर रेलून त्यांना गर्दीतून बाहेर काढणं. एका उपाहारगृहात त्यांना ऐकवलं गेलं, ‘काल आलेल्या बाईंकडे कार्ड होतं, तुमचं कुठाय?’ त्या बाईंचा हेतू वाईट नसणार, भांडण टाळायचं एवढंच असणार. पण नसलेल्या नियमाचं ओझं या माणसावर पडलं. त्यानंतर बरेच दिवस ते कुठे बाहेर जेवायला गेले नाहीत.

दुसरं नुकसान याहून मोठं आहे. तीच वेबसाइट तेच कार्ड कोणत्याही कुत्र्याला विकते. ज्याला गर्दीची, ट्रॉलीच्या खडखडाटाची, दुसऱ्या कुत्र्याची सवयच नाही असा घरगुती कुत्रा वेस्ट (सर्व्हिस डॉगला घालतात ते जाकीट) आणि कार्ड लावून दुकानात येतो आणि काम करत असलेल्या कुत्र्यावर धावून जातो. चावा बसला नाही तरी काम करणाऱ्या कुत्र्याचं पुष्कळ बिघडतं. तो त्यानंतर दारातून आत शिरला की आधी दुसरे कुत्रे कुठे आहेत ते शोधतो. मान वर, कान ताठ, लक्ष हँडलरवरून उडालेलं. अंध व्यक्तीच्या कुत्र्याच्या बाबतीत याचा अर्थ चुकलेली पायरी. तुमच्या कुत्र्याच्या बाबतीत याचा अर्थ मुलीच्या अंगाचा बदललेला वास त्याच्या नाकापर्यंत येतो आणि त्याला ते सांगायचं भान राहत नाही. अशा कुत्र्याला पुन्हा कामाला लावायला महिने लागतात, आणि काहींना निवृत्तच करावं लागतं. मी कुत्रे निवृत्त होताना पाहिलेत. ज्या माणसाचं स्वातंत्र्य त्या कुत्र्यावर अवलंबून होतं त्याला नव्या कुत्र्यासाठी पुन्हा पहिल्यापासून थांबावं लागतं. या धंद्याला आपले पैसे जाऊ नयेत असं मला मनापासून वाटतं.

तिसरी गोष्ट खासगीपणाची. हँडलरच्या कार्डावर नाव, फोटो, कधी पत्ता, कधी आजारसुद्धा असतो. तुमची मुलगी अकरा वर्षांची आहे. कोणत्याही दुकानातल्या कोणत्याही माणसाने तिचं नाव आणि तिचा आजार वाचावा, याची सवय तिला आत्तापासून का लावायची? कायद्याने तिला जो आडोसा दिलाय तो आपणच पैसे देऊन काढून टाकतो.

कुत्रा सर्व्हिस डॉग आहे असं खोटं सांगणं बऱ्याच राज्यांत गुन्हा आहे. कॅलिफोर्नियात सहा महिन्यांपर्यंत कैद आणि 1,000 डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. फ्लॉरिडात हा फौजदारी गुन्हा आहे आणि 30 तास समाजसेवाही करावी लागते. तुमचा कुत्रा खरोखर शिकवलेला आहे, त्यामुळे तुम्हाला याची भीती नाही. पण तुमच्या हातात कार्ड असलं काय, नसलं काय, या कायद्यांसमोर त्याने फरक पडत नाही. तिथे कुत्र्याला काय शिकवलंय तेच विचारलं जातं.

तर दारात काय बोलायचं? इथे थोडा वेळ घालवू, कारण तुमचं रोजचं काम इथेच आहे.

उत्तर कुत्र्याच्या कृतीबद्दल हवं, मुलीच्या आजाराबद्दल नाही. ‘हा सर्व्हिस डॉग आहे. शरीरातला एक धोकादायक बदल ओळखून पंजाने सूचना द्यायला त्याला शिकवलंय.’ बस्स. मधुमेह हा शब्द उच्चारायची गरज नाही. तुम्हाला किंवा मुलीला उच्चारायचा असेल तर जरूर उच्चारा, पण ती तुमची मर्जी. जे उत्तर चालत नाही ते म्हणजे ‘तो जवळ असला की तिला बरं वाटतं.’ नुसत्या सोबतीने धीर देणारा कुत्रा कायद्याच्या भाषेत भावनिक आधाराचा प्राणी ठरतो आणि त्याला दुकानात यायचा हक्क मिळत नाही. तुमचा कुत्रा या दोन्ही गोष्टी करत असेल, पण दारात सांगायची ती शिकवलेली कृती. मी नवीन हँडलरकडून हे वाक्य त्यांना सहज येईपर्यंत म्हणून घेते, कारण अडवल्यावर माणूस घाबरतो आणि भलतंच बोलून जातो.

तुमच्या मुलीबरोबर घरी सराव करा. एकदा तुम्ही मॅनेजर व्हा, एकदा तिला होऊ द्या. काही मुलांना स्वतः उत्तर द्यायला आवडतं, काहींना नको वाटतं. तिला नको असेल तर सध्या तुम्ही बोला. मात्र ती आज ना उद्या एकटी बाहेर पडणार आहे, म्हणून ते वाक्य तिच्या तोंडी बसलेलं असू द्या.

समोरचा तरीही ‘कार्ड?’ म्हणाला तर शांतपणे सांगा, ‘कायद्यात कार्ड लागत नाही. तुम्ही दोन प्रश्न विचारू शकता, त्यांची उत्तरं मी आनंदाने देते.’ आणि ते दोन प्रश्न तुम्हीच सांगून उत्तरं द्या. बहुतेक लोक वाईट नसतात, त्यांना कोणी नीट शिकवलेलं नसतं. त्याला लोकांसमोर हरवायचं नाही, त्याला मागे फिरायला वाट ठेवायची. न्याय खात्याचं प्रश्नोत्तरांचं पान छापून बॅगेत ठेवा. त्यावर तुमचं नाव नसतं, मुलीचा आजार नसतो, आणि दाखवल्याने पुढच्या हँडलरचं काहीच बिघडत नाही. उलट त्याचं काम सोपं होतं. एडीएची माहिती देणारा सरकारी फोन 800-514-0301 हा आहे. दुकानाच्या व्यवस्थापनालाही तोच नंबर देता येतो.

एवढं करूनही नाहीच म्हणाला, तर मुलीसमोर ताणू नका. तारीख, वेळ, शाखा, त्या माणसाचं नाव किंवा हुद्दा, आणि तो नेमकं काय म्हणाला ते गाडीत बसल्या बसल्या लिहून ठेवा. मग त्या कंपनीच्या मुख्य कार्यालयाला पत्र लिहा. माझ्या अनुभवात अर्धी प्रकरणं त्या पत्रावरच मिटतात. नाही मिटलं तर न्याय खात्याकडे तक्रार करता येते.

दुकानाची बाजूही लक्षात असू द्या. कुत्रा भुंकत सुटला, इकडेतिकडे ओढायला लागला आणि तुम्ही त्याला आवरलं नाहीत, किंवा त्याने आत घाण केली, तर ‘कुत्रा बाहेर न्या’ म्हणायचा हक्क दुकानाला आहे, मग तुमच्याकडे दहा कार्डं असोत. अशा वेळी तुम्हाला कुत्र्याविना खरेदी करू द्यायची, एवढंच त्यांच्यावर बंधन आहे. कुत्रा जमिनीवर चालायला हवा, ट्रॉलीत नाही. ‘कोणाला ॲलर्जी आहे’ किंवा ‘कोणी घाबरतं’ ही मात्र प्रवेश नाकारायची कारणं होऊ शकत नाहीत. आणि एक आपल्या लोकांसाठी: एडीए प्रार्थनास्थळांना लागू होत नाही. मंदिरात न्यायचं असेल तर विश्वस्तांना आधी विचारा.

इथवरचं थोडक्यात: कार्डाने हक्क येत नाही, दोन प्रश्नांची उत्तरं तोंडपाठ असावीत, कुत्रा ताब्यात असावा. आता जिथे कागद खरोखर लागतात तिकडे वळू, कारण वेबसाइट नेमक्या याच ठिकाणांची भीती दाखवून कार्ड विकतात.

विमानाला एडीए लागू नाही. तिथे 1986 चा एअर कॅरियर ॲक्सेस ॲक्ट आहे आणि 11 जानेवारी 2021 पासूनचे वाहतूक खात्याचे नियम आहेत. विमान कंपनी तुमच्याकडून खात्याचा ठरलेला फॉर्म मागू शकते. त्यात कुत्र्याचं रेबीजचं लसीकरण, पशुवैद्याचं नाव, कुत्र्याला कोणी शिकवलं आणि तो लोकांत नीट वागतो याची तुमची ग्वाही असते. आठ तास किंवा त्याहून लांबच्या उड्डाणाला आणखी एक फॉर्म: कुत्रा तेवढा वेळ शी-शू थांबवू शकतो, किंवा स्वच्छता राखून ते उरकू शकतो. तिकीट आधी काढलेलं असेल तर कंपनी हे फॉर्म 48 तास आधी मागू शकते. खोटी माहिती देणं हा केंद्रीय कायद्याखाली गुन्हा आहे. हे फॉर्म भरायला पैसे पडत नाहीत. ‘विमानासाठी मान्यताप्राप्त कार्ड’ म्हणून जे विकतात त्याने यातला एक रकानाही भरला जात नाही.

भारतप्रवासाचं काम मात्र आत्तापासून हाती घ्या. भारतात कुत्रा न्यायला तिथल्या ॲनिमल क्वारंटाइन विभागाचं ना-हरकत पत्र लागतं. आणि परत येणं हे जाण्याइतकंच अवघड आहे. 1 ऑगस्ट 2024 पासून अमेरिकेत येणाऱ्या प्रत्येक कुत्र्यासाठी सीडीसीचे, म्हणजे इथल्या रोगनियंत्रण संस्थेचे, नवे नियम आहेत, आणि रेबीजचा धोका जास्त असलेल्या देशांच्या यादीत भारत आहे. तुमच्या कुत्र्याला मायक्रोचिप हवी, आणि अमेरिकेत लस दिल्याचा सीडीसीचा फॉर्म अधिकृत पशुवैद्याकडून भरून, कृषी खात्याचं शिक्कामोर्तब घेऊन, इथून निघायच्या आधीच तयार हवा. तो न करता गेलात तर परतीच्या वेळी फार मोठं संकट होतं. मला विचाराल तर मुलीच्या पहिल्या लांबच्या प्रवासाला कुत्रा नेणं खरंच गरजेचं आहे का, याचाही विचार करा. वीस-बावीस तासांचा प्रवास, अनोळखी गर्दी, रस्त्यावरचे मोकाट कुत्रे यांत त्याचं नाक किती चालेल हे आधी सांगता येत नाही. साखरेवर लक्ष ठेवणारा सेन्सर तर तिच्या अंगावर असणारच, आणि कुत्रा कितीही हुशार असला तरी त्याने सेन्सरची जागा कधीच घेऊ नये.

भाड्याच्या घराला तिसराच कायदा, फेअर हाउसिंग ॲक्ट. तिथे अपंगत्व दिसून येत नसेल तर घरमालक गरजेचा विश्वासार्ह आधार मागू शकतो. तुमच्या मुलीच्या डॉक्टरांचं पत्र पुरेसं असतं. पाळीव प्राण्याचं भाडं किंवा अनामत मात्र लावता येत नाही.

शाळेबद्दल जरा सविस्तर, कारण तुमची खरी लढाई तिथे होऊ शकते. सरकारी शाळेला एडीए लागू आहे, तेच दोन प्रश्न, आणि तीच कार्ड न मागायची मर्यादा. मिशिगनच्या एहलेना फ्राय या सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलीच्या वंडर नावाच्या गोल्डनडूडल जातीच्या सर्व्हिस डॉगला शाळेने नाकारलं होतं. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि 22 फेब्रुवारी 2017 ला निकाल लागला. अशी तक्रार मुळात शिक्षणाच्या दर्जाबद्दल नसून भेदभावाबद्दल असेल तर विशेष शिक्षणाच्या कायद्यातल्या सगळ्या पायऱ्या आधी चढून याव्या लागत नाहीत, असं न्यायालयाने एकमताने सांगितलं. पालकांसाठी हा मोठा आधार आहे.

पण शाळेचा एक प्रश्न रास्त असतो आणि त्याचं उत्तर कोणत्याही कार्डावर नसतं: दिवसभर कुत्र्याला सांभाळणार कोण? कुत्र्याची देखभाल करणं शाळेवर बंधनकारक नाही. हँडलर म्हणून तुमची मुलगी पट्टा धरू शकते का, त्याला बसवू-उठवू शकते का, मधल्या सुट्टीत बाहेर नेऊ शकते का? जमत असेल तर ती हँडलर. जमत नसेल तर तुम्हाला दुसरी व्यक्ती द्यावी लागेल, किंवा शाळेशी बोलून थोडी मदत मिळवावी लागेल. म्हणून बैठकीला जाताना कार्ड नाही, दोन पानी टिपण न्या. कुत्र्याची कृती कोणती, त्याने पंजा लावला की मुलीने आणि शिक्षिकेने काय करायचं, तो वर्गात कुठे बसेल, पाणी आणि शी-शू कधी, पट्टा कोणाच्या हातात, लसीकरणाचे दाखले, वर्गात कोणाला ॲलर्जी असेल तर दोघांना लांब कसं बसवायचं. मुलीचा 504 आराखडा (अपंगत्वामुळे लागणाऱ्या सोयींबद्दल शाळेने केलेला लेखी आराखडा) आधीच असेल, त्यात हे घालून घ्या. मुख्याध्यापकांच्या मनातली भीती बहुतेक वेळा अशाच तपशिलांनी जाते.

त्याबरोबर प्रशिक्षणाची नोंदवही. वेबसाइटच्या कार्डावर मिळणाऱ्या आकड्यापेक्षा हिची किंमत कितीतरी जास्त आहे. कुत्र्याने किती वाजता सूचना दिली, त्या वेळी मीटरवर आकडा काय होता, कोणती घसरण त्याच्याकडून निसटली, कोणती सूचना फोल निघाली, हे रोज लिहा. निसटलेल्याही लिहा, त्या लपवू नका. त्यातून प्रशिक्षकाला कळतं की सराव कुठे कमी पडतोय, आणि उद्या तक्रार किंवा दावा झालाच तर कुत्र्याला खरोखर शिकवलंय हे या वहीतून दिसतं. तुमच्या प्रशिक्षकाकडून आधीच्या तासांची नोंदही मागून घ्या. हँडलरांच्या आयएएडीपी या संघटनेचा किमान मापदंड सहा महिन्यांत 120 तास, त्यातले किमान 30 तास बाहेर लोकांत, असा आहे. ही कायद्याची अट नाही, पण तुमच्या कुत्र्याची शिकवण कुठवर आलीय ते पडताळायला चांगली आहे.

सगळीच कार्डं वाईट असं माझं म्हणणं नाही. अंधांसाठी कुत्रे तयार करणाऱ्या सीइंग आयसारख्या जुन्या संस्था आपल्या पदवीधर जोड्यांना स्वतःचं ओळखपत्र देतात. त्यामागे खरं प्रशिक्षण असतं आणि संस्थेला फोन केला की कोणीतरी उत्तर देतं. कॅलिफोर्नियात काउंटीचं, म्हणजे जिल्ह्याचं, ॲनिमल कंट्रोल खातं प्रतिज्ञापत्र घेऊन असिस्टन्स डॉगचा बिल्ला देतं. तो ऐच्छिक आहे. गावाचा नेहमीचा कुत्र्याचा परवाना आणि रेबीजची लस मात्र सर्व्हिस डॉगलाही चुकत नाही.

आणि एक कार्ड मी स्वतः प्रत्येक हँडलरला करायला लावते. ते दारात दाखवायचं नसतं, ते तुम्ही बोलू शकत नसाल त्या वेळेसाठी असतं. समजा तुमची मुलगी बेशुद्ध पडली आणि तुम्ही जवळ नाही. कुत्रा तिच्याशेजारी बसलाय, अनोळखी माणसं धावत येतायत. तेव्हा कार्डावर हे हवं: हा काम करणारा कुत्रा आहे, त्याचं नाव अमुक, तो चावत नाही, त्याला या नावाने हाक मारून पट्टा धरा. शक्य असेल तर तो मुलीबरोबर राहू द्या, रुग्णवाहिकेत जागा नसेल तर या क्रमांकावर फोन करा, हे लोक त्याला घ्यायला येतील. मागच्या बाजूला पशुवैद्याचा फोन आणि मायक्रोचिपचा क्रमांक. एक प्रत कुत्र्याच्या वेस्टच्या बंद खिशात, एक मुलीच्या दप्तरात. आजाराची माहिती या कार्डावर नको. ती तिच्या मनगटावरच्या मेडिकल ब्रेसलेटवर असू द्या, कारण रुग्णवाहिकेची माणसं तीच आधी बघतात. कार्डावर सरकारी वाटेल असं बोधचिन्ह किंवा नोंदणी क्रमांक छापू नका. घरच्या प्रिंटरवर होतं, प्लॅस्टिकचं आवरण तेवढं घाला, आणि फोन क्रमांक बदलला की त्याच दिवशी नवीन काढा.

वेस्टचं विचारलं नाहीत, पण ओघाने आलं म्हणून सांगते. तेही कायद्याने सक्तीचं नाही. तरी मी वापरायला सांगते, कारण लोक कुत्र्याला हात लावायला येतात त्यातले निम्मे वेस्ट बघून थांबतात. मुलांचं लक्ष विचलित होतं तसं कुत्र्याचंही होतं.

तुमचं राज्य कोणतं, शाळा सरकारी आहे का, आणि मुलगी सध्या पट्टा स्वतः धरते का, एवढं कळवा. शाळेच्या टिपणात कुत्र्याच्या कृतीचं वाक्य कसं मांडायचं ते आपण त्यावरून ठरवू. परवाच्या दुकानाच्या मुख्य कार्यालयाला पत्र मात्र याच आठवड्यात लिहा, तपशील ताजे आहेत तोवर.